थिओडोर रूझवेल्ट समजून घ्यायचा तर सुरुवात कोळशापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "थिओडोर रूझवेल्टबद्दल जे वाचतो ते सगळं थरारक असतं. दमेकरी मुलगा, घोड्यावरचा सैनिक, छातीत गोळी घेऊन केलेलं भाषण, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली सफर, अस्वलाचं पिल्लू. पण राष्ट्राध्यक्ष म्हणून या माणसानं नेमकं केलं काय? त्याला थोर म्हणावं का? आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?"

मी एकतीस वर्षं पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना आधुनिक जगाचा आणि अमेरिकेचा इतिहास शिकवला. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ दर वर्षी माझ्यासमोर आला, म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे नुसतं 'रूझवेल्ट' म्हटलं की दुसऱ्या महायुद्धातला फ्रँकलिन रूझवेल्ट आठवतो. हा तो नव्हे. थिओडोर त्याचा दूरचा नातलग. फ्रँकलिनची पत्नी एलिनॉर ही थिओडोरची सख्खी पुतणी. थिओडोर १९०१ ते १९०९ या काळात राष्ट्राध्यक्ष होता.

तुमची अडचण माहितीची नाही. या माणसाच्या गोष्टी इतक्या रंगतदार आहेत की त्यांच्याआड त्याचं काम दिसेनासं होतं. शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मीही त्याला तसाच शिकवला: आजारी मुलगा, जिद्द, व्यायाम, रणांगण, राष्ट्राध्यक्षपद. वर्ग खूश असायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, एवढी ऊर्जा होती म्हणता, पण ती कोणाच्या उपयोगी पडली?" माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. ते शोधताना मी त्याच्या आयुष्याकडे वेगळ्या बाजूनं बघायला शिकले, आणि तीच बाजू इथे मांडते.

आधी ऊर्जेचं मूळ. २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घरात त्याचा जन्म झाला. दमा इतका तीव्र होता की रात्री झोपून श्वास घेता येत नसे, बसून राहावं लागे. मोकळी हवा छातीत जावी म्हणून वडील त्याला घोडागाडीत घालून रात्रीच्या रस्त्यांवरून फिरवत. बुद्धी आहे पण शरीर नाही, आणि शरीर तुलाच घडवावं लागेल, असं वडिलांनी त्याला बजावल्याचं सांगतात. त्यासाठी घरातच व्यायामशाळा उभी केली. हे सगळं खरं आहे. पण दोन गोष्टी सोबत ठेवायला हव्यात. एक, त्या घरात पैसा होता, वेळ होता आणि मुलाला घेऊन युरोपभर फिरणारे आईवडील होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जन्मलेल्या दमेकरी मुलाचं काय झालं असेल याचाही विचार करा. दोन, तो शरीराइतकाच डोळ्यांचाही माणूस होता. सातआठ वर्षांचा असताना बाजारात सील हा मेलेला समुद्री प्राणी त्याला दिसला. तो वही घेऊन त्याची मापं टिपायला रोज जायचा, आणि पुढे त्याच्या डोक्याची कवटी मिळवून त्यानं घरातच छोटं संग्रहालय थाटलं. जाऊन बघायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं. ही सवय मला त्याच्या दंडाच्या बेटकुळीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

या सवयीचा राजकारणातला पहिला परिणाम बघा. हार्वर्डमधून बाहेर पडल्यावर १८८१ च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. तेव्हा त्याची मतं त्याच्या वर्गातल्या इतर कोणाहीसारखीच होती: मालक आणि मजूर यांच्यात सरकारनं पडू नये. भाड्याच्या कोंदट इमारतींमधल्या राहत्या खोल्यांत सिगार वळण्याच्या धंद्यावर बंदी घालणारं एक विधेयक आलं. ते तपासायच्या समितीत त्याला घेतलं, तेव्हा तो विरोध करेल असंच सगळ्यांना वाटत होतं. सिगार कामगारांचा पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स म्हणाला, एकदा येऊन बघा. रूझवेल्ट गेला. एका खोलीत पाच मोठी माणसं आणि त्यांची मुलं राहत होती, तिथेच काम करत होती, तिथेच जेवत आणि झोपत होती. तंबाखू अंथरुणाला लागून आणि उष्ट्या अन्नाच्या शेजारी पडलेला होता. तो एकदा गॉम्पर्सबरोबर गेला, मग पुन्हा स्वतःहून गेला, आणि विधेयकाच्या बाजूनं उभा राहिला. वर्गात मी हा प्रसंग सांगत असे तेव्हा घरात आई-आजी विड्या वळणाऱ्या दोन मुली होत्या. त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

कायदा झाला, आणि १८८५ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं तो रद्द केला. माणसाला त्याच्या घराच्या पवित्र वातावरणातून बाहेर काढून त्याचं आरोग्य कसं सुधारणार, असा न्यायालयाचा सवाल होता. ती खोली बघून आलेल्या माणसाला हे वाक्य आयुष्यभर बोचलं. पुढे १९१२ मध्ये तो न्यायालयांच्या अधिकारावर इतका कडक का बोलला, हे कोडं या प्रसंगाशिवाय सुटत नाही.

१८८४ चं दुःख सगळ्यांना माहीत असतं. १४ फेब्रुवारीला एकाच घरात, एकाच दिवशी त्याची आई विषमज्वरानं आणि पत्नी ॲलिस मूत्रपिंडाच्या विकारानं गेली. मुलगी दोन दिवसांची होती. डायरीत त्यानं मोठी फुली मारून एवढंच लिहिलं की माझ्या आयुष्यातला प्रकाश गेला. मुलगी बहिणीकडे ठेवून तो डाकोटाच्या माळावर गुरं पाळायला निघून गेला. इथून पुढे गोष्टी सांगणारे लोक होडी चोरणाऱ्या चोरांचा पाठलाग आणि काउबॉयचा वेश यांत रमतात. मला तिथली महत्त्वाची गोष्ट वाटते ती १८८६-८७ चा हिवाळा. कुरणं आधीच गुरांनी ओरबाडली होती, वर भयंकर बर्फ पडला. वसंतात त्याच्या कळपातली अर्ध्याहून अधिक जनावरं उरली नव्हती. १८८३ मध्ये तो तिथे पहिल्यांदा आला तो एक रानगवा मारायला, आणि तेव्हाच गवा इतका दुर्मीळ झाला होता की त्याला कित्येक दिवस शोधावा लागला. जमीन थकते आणि प्राणी संपतात, हे त्याला तिथे नुकसानीच्या हिशेबातून कळलं. १८८७ च्या डिसेंबरात त्यानं शिकाऱ्यांचीच एक संस्था काढली, आणि ती पुढे वन्यजीव-रक्षणासाठी भांडू लागली.

मधली वर्षं भरभर सांगते. सहा वर्षं नागरी सेवा आयोगात त्यानं वशिल्यानं होणाऱ्या सरकारी नेमणुकांशी झुंज दिली. मग १८९५ पासून न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष. पत्रकार जेकब रीस याला सोबत घेऊन तो मध्यरात्री रस्त्यांवर फिरत असे आणि गस्तीऐवजी झोपलेले पोलीस पकडत असे. १८९७ मध्ये नौदलाचा उपमंत्री झाला. १८९८ च्या २५ फेब्रुवारीला मंत्री दुपारी घरी गेले, तर यानं परस्पर हाँगकाँगला तार पाठवून ताफा सज्ज ठेवायला सांगितलं. स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर नोकरी सोडून स्वयंसेवक घोडदळ घेऊन क्यूबात गेला, आणि १ जुलैला सान हुआनच्या टेकड्यांवरच्या हल्ल्यानं राष्ट्रीय नायक झाला. त्या टेकड्यांवर त्याच्या शेजारी नवव्या आणि दहाव्या घोडदळातले कृष्णवर्णीय सैनिकही लढत होते, हे मात्र लक्षात ठेवा. पुढे लागेल.

तो न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला तेव्हा पक्षाचा स्थानिक म्होरक्या टॉमस प्लॅट त्याला वैतागला. ब्याद जावी म्हणून त्याला उपराष्ट्राध्यक्षपदाकडे ढकलण्यात आलं, कारण त्या पदावर माणूस अडगळीत पडतो अशीच समजूत होती. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलोत राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १४ तारखेला ते गेले. रूझवेल्ट बेचाळिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला. इतक्या कमी वयात त्या पदावर आजवर कोणी आलेलं नाही. (केनेडी निवडून आलेला सर्वांत तरुण. परीक्षेत या दोघांची हमखास गल्लत होते.)

आता कोळसा. तुम्हाला एकच प्रकरण वाचायचं असेल तर १९०२ चा संप वाचा.

पेनसिल्व्हेनियातल्या कठीण कोळशावर पूर्वेकडच्या शहरांतली घरं हिवाळ्यात गरम राहत. मे १९०२ मध्ये जवळपास दीड लाख खाण कामगारांनी काम थांबवलं. त्यांना पगारवाढ, आठ तासांचा दिवस आणि संघटनेला मान्यता हवी होती. खाणी होत्या रेल्वे कंपन्यांच्या ताब्यात, आणि त्यांच्या वतीनं बोलत होते जॉर्ज बेअर. देवानं आपल्या अगाध ज्ञानानं ज्या ख्रिस्ती माणसांच्या हाती देशाची मालमत्ता सोपवली आहे तेच कामगारांचं हित बघतील, कामगार पुढारी नव्हे, अशा अर्थाचं बेअर यांचं पत्र छापून आलं आणि लोक खवळले. उन्हाळा सरला. थंडी दाराशी आली आणि शहरांत कोळसा नाही.

राज्यघटनेत पाहिलं तर राष्ट्राध्यक्षाला यात पडायचा कुठलाच स्पष्ट अधिकार नव्हता. फक्त आठ वर्षांपूर्वी, १८९४ च्या रेल्वे संपात, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सैन्य पाठवलं होतं ते संप मोडायला. रूझवेल्टनं ३ ऑक्टोबरला दोन्ही बाजूंना आपल्यासमोर बोलावलं. एका महिन्यापूर्वी त्याच्या बग्गीला ट्रामची धडक बसली होती आणि पायाच्या दुखण्यामुळे तो चाकाच्या खुर्चीत होता. ज्याच्या धावपळीच्या गोष्टी आपण सांगतो, त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यांत महत्त्वाची बैठक त्यानं खुर्चीत बसून घेतली. कामगारांचे नेते जॉन मिचेल म्हणाले, राष्ट्राध्यक्षांनी लवाद नेमावा, आम्हाला निर्णय मान्य असेल. मालकांनी मिचेलशी बोलायलाच नकार दिला आणि उलट राष्ट्राध्यक्षालाच सुनावलं. बैठक फिसकटली.

इथे विद्यार्थ्यांना मी थांबवत असे आणि विचारत असे, तुम्ही काय केलं असतं? बहुतेक जण म्हणत, सैन्य. रूझवेल्टनंही सैन्याचाच विचार केला, पण उलट्या दिशेनं: सैन्यानं खाणी ताब्यात घ्यायच्या आणि स्वतः चालवायच्या. त्यानं जनरल स्कोफील्ड यांना तयार राहायला सांगितलं आणि ही बातमी योग्य कानांपर्यंत जाईल याची सोय केली. दुसरीकडे त्याचा युद्धमंत्री एलिहू रूट खासगी नागरिक म्हणून बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या बोटीवर जाऊन बोलला. मॉर्गन यांचा पैसा त्या रेल्वे कंपन्यांत होता. मालक लवादाला तयार झाले. त्यांची अट एवढीच की लवादात कामगार संघटनेचा माणूस नको. लष्करी अभियंता, खाण अभियंता, न्यायाधीश, कोळशाच्या धंद्यातला माणूस आणि एक 'नामवंत समाजशास्त्रज्ञ' एवढेच चालतील. रूझवेल्टनं समाजशास्त्रज्ञाच्या जागी रेल्वे कंडक्टरांच्या संघटनेचा प्रमुख ई. ई. क्लार्क याला नेमलं. कागदावर 'समाजशास्त्रज्ञ' हा शब्द होता, आणि मालकांनी तो मुकाट स्वीकारला. त्याला स्वतःलाही याचं आश्चर्य वाटलं: शब्द बदलला की हेच लोक हाच माणूस चालवून घेतात!

आयोगानं साडेपाचशेहून जास्त साक्षीदार ऐकले. मार्च १९०३ मध्ये निकाल आला: दहा टक्के पगारवाढ आणि बहुतेकांचा दिवस दहाऐवजी नऊ तासांचा. संघटनेला मान्यता मिळाली नाही. म्हणजे कामगारांना सगळं मिळालं नाही, हे नीट सांगायला हवं. पण दोन बाजूंच्या भांडणात सरकार तिसरी बाजू म्हणून, लोकांच्या वतीनं, टेबलाशी बसलं ते इथे. यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांना 'हे माझं काम नाही' असं म्हणणं अवघड झालं. म्हणून मी या प्रकरणापासून सुरुवात करा म्हणते. त्याची चिकाटी, धमकी, विनोदबुद्धी, ऐकून घेण्याची तयारी आणि मर्यादा हे सगळं पाच महिन्यांच्या या कागदपत्रांत एकत्र सापडतं.

मक्तेदाऱ्या मोडणारा म्हणून त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत असतं. १९०२ मध्ये त्यानं मॉर्गन यांच्याच नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे कंपनीवर खटला भरला आणि १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी जिंकला. चुकलं असेल तर तुमचा माणूस माझ्या माणसाकडे पाठवा, ते मिटवून टाकतील, असं मॉर्गन त्याला म्हणाल्याचं सांगतात. रूझवेल्टला या वाक्याचा राग आला तो याचसाठी: जणू रूझवेल्ट देशाचा नव्हे, दुसऱ्या एखाद्या कंपनीचा प्रमुख आहे, असं मॉर्गन बोलत होते. पण मोठी कंपनी म्हणजे वाईट असं तो मानत नव्हता, आणि असे खटले त्याच्या सात वर्षांपेक्षा त्याच्यानंतरचा राष्ट्राध्यक्ष टाफ्ट याच्या चार वर्षांत जास्त झाले. १९०६ चे कायदे मला अधिक टिकाऊ वाटतात: रेल्वेच्या दरांवर सरकारी आयोगाचं नियंत्रण, मांसाची तपासणी, अन्न आणि औषधांतली भेसळ रोखणं. मांसाच्या कारखान्यांबद्दल एका कादंबरीनं खळबळ उडवली तेव्हा त्यानं आपली माणसं शिकागोला पाठवून तिथे काय चालतं ते बघायला लावलं, आणि अहवाल हातात आल्यावर तो दाखवून संसदेवर दबाव आणला. सिगारवाल्या खोलीचीच ही पद्धत, आता सत्तेच्या बळावर.

जंगलांविषयी लिहायला लागले तर थांबणार नाही, म्हणून दोनच प्रसंग. बायकांच्या टोप्यांत खोवायच्या पिसांसाठी फ्लोरिडात पाणपक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात होत्या. मार्च १९०३ मध्ये त्यानं साध्या आदेशानं पेलिकन आयलंड हे छोटं बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवलं. अशी ५१ ठिकाणं त्यानं राखली. दुसरा प्रसंग १९०७ चा. वायव्येकडच्या सहा राज्यांत राष्ट्राध्यक्षाला नवी राखीव जंगलं घोषित करता येऊ नयेत, असं कलम संसदेनं शेतीखात्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडलं. विधेयक नाकारावं तर खात्याचे पैसे बंद. सही करायला काही दिवस होते. वनखात्याचा प्रमुख गिफर्ड पिंचो आणि त्याची माणसं रात्रंदिवस नकाशे घेऊन बसली. रूझवेल्टनं आधी सुमारे १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव करणाऱ्या आदेशांवर सह्या केल्या, आणि मग त्या विधेयकावर. सगळं कायद्यात बसवून. त्याच्या कारकिर्दीत राखलेली एकूण जमीन सुमारे २३ कोटी एकर भरते. ग्रँड कॅन्यनचं रक्षणही १९०८ मधलं. त्या जमिनींपैकी बरीच जमीन आधी मूलनिवासी जमातींची होती आणि ती त्यांच्याकडून कशी घेतली गेली, हेही याच पानावर लिहायला हवं.

इथवरचा धागा सांगायचा तर असा: जिथे हा माणूस स्वतः गेला, किंवा बघून आलेल्या माणसाला समोर बसवून ऐकलं, तिथे त्याचं मत बदललं आणि ऊर्जा कामी आली. मी बरीच वर्षं वर्गात एवढंच सांगत असे. मग ब्राउन्सव्हिल शिकवायला लागले आणि हा धागा मला तपासून घ्यावा लागला.

ऑगस्ट १९०६. टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल गावात मध्यरात्री गोळीबार झाला, दारूच्या गुत्त्यावरचा एक नोकर मेला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. जवळच्या छावणीत पंचविसाव्या पायदळाचे कृष्णवर्णीय सैनिक होते. गावानं त्यांच्याकडे बोट दाखवलं. सैनिक बराकीत होते असं त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. कोणी गुन्हा कबूल केला नाही, कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. खटला झाला नाही. नाव घेत नाहीत म्हणजे सगळेच सामील, असं ठरवून रूझवेल्टनं १६७ सैनिकांना सन्मान नाकारून सैन्यातून काढलं. त्यांत अनेक वर्षं नोकरी केलेले लोक होते. आदेश जाहीर झाला तो नोव्हेंबरातल्या संसदेच्या निवडणुका उरकल्यावर. सिनेटर फोरेकर यांनी प्रकरण लावून धरलं तेव्हा रूझवेल्ट मागे हटण्याऐवजी त्यांच्यावरच तुटून पडला. हाच माणूस १९०१ मध्ये कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना जेवायला बोलावून दक्षिणेकडच्या शिव्या खाऊन बसला होता. सान हुआनला कृष्णवर्णीय सैनिक त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे बघितलं की माणूस बदलतो, हा नियम पुरा पडत नाही. काही बाबतींत वंशश्रेष्ठत्वाची समजूत डोळ्यांपेक्षा बळकट ठरली. डाकोटात मूलनिवासी लोकांच्या शेजारी राहूनही त्यांच्याबद्दल त्यानं जे कठोर शब्द लिहिले, त्यातही हेच दिसतं.

आपल्याला हे दुरून बघायचं कारण नाही. १८ जानेवारी १९०९ रोजी वॉशिंग्टनमध्ये केलेल्या भाषणात त्यानं भारतातल्या इंग्रजी राज्याची तोंड भरून स्तुती केली. रोमन साम्राज्य मोडल्यापासून असं मोठं काम झालं नाही, अशा अर्थाचे ते शब्द होते. त्या दिवशी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा भोगत होते, आणि ती झाली होती वर्तमानपत्रातल्या लेखांसाठी. रूझवेल्ट भारतात कधी आला नव्हता. फिलिपिन्सही त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तिथे त्याच्या सैन्यानं स्वातंत्र्य मागणाऱ्यांविरुद्ध क्रूर युद्ध लढलं. पनामाचं प्रकरणही याच जातीचं. पनामा तेव्हा कोलंबियाचा भाग होता. कालव्याचा करार कोलंबियाच्या सिनेटनं नाकारल्यावर नोव्हेंबर १९०३ मध्ये पनामात बंड झालं, अमेरिकी युद्धनौका तिथे उभी होती, आणि नव्या देशाला काही दिवसांत मान्यता मिळाली. पुढे १९२१ मध्ये अमेरिकेनं कोलंबियाला अडीच कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. रशिया-जपान युद्ध मिटवल्याबद्दल १९०६ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं, आणि ते त्यानं कमावलं होतं. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत.

मग थोर म्हणावं का? तुम्ही कुठे उभं राहून विचारता यावर ते अवलंबून आहे, आणि मी हे उत्तर टाळण्यासाठी म्हणत नाही. १९०२ च्या पेनसिल्व्हेनियातल्या खाण कामगाराला विचारलं तर त्याच्या घरात रूझवेल्टची तसबीर असण्याची शक्यता बरीच. पंचविसाव्या पायदळातल्या सैनिकाच्या घरात ती का असावी? माझं मत विचाराल तर देशांतर्गत कामात तो अमेरिकेच्या पहिल्या चारपाच राष्ट्राध्यक्षांत बसतो. देशाबाहेर आणि वंशाच्या प्रश्नावर तो त्याच्या वर्गाच्या समजुतींपलीकडे फारसा गेला नाही, आणि जिथे गेला तिथून परत फिरला.

१९१२ बद्दल थोडं, कारण तुम्ही गोळीचा उल्लेख केला आहे. तो नवा पक्ष काढून पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता, तेव्हा १४ ऑक्टोबरला मिलवॉकीत त्याच्यावर गोळी झाडली गेली. खिशात पन्नास पानी भाषणाची घडी आणि चष्म्याची धातूची पेटी होती, त्यामुळे गोळीचा वेग मंदावला. खोकून हातावर रक्त येत नाही हे बघून फुफ्फुस शाबूत असल्याचं त्यानं ताडलं आणि तासाभराहून अधिक बोलला. लोक इथे थांबतात. माझी विनंती, त्या वर्षीचा त्याच्या नव्या पक्षाचा जाहीरनामा वाचा. बायकांना मतदानाचा हक्क, आजारपण आणि म्हातारपणासाठी विमा, आठ तासांचा दिवस हे सगळं त्यात आहे. तो टाफ्टच्या पुढे, दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि विल्सन निवडून आले. पण त्यातल्या बऱ्याच मागण्या पुढच्या पंचवीस वर्षांत कायदा झाल्या, काही तर फ्रँकलिनच्या हातून.

ब्राझीलमधल्या अज्ञात नदीची सफर त्यानंतरची, १९१४ ची. तिथे पायाच्या जखमेनं आणि तापानं तो मरता मरता वाचला, आणि पुन्हा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. जुलै १९१८ मध्ये धाकटा मुलगा क्वेंटिन फ्रान्समध्ये विमानयुद्धात पडला. ज्या बापानं आयुष्यभर युद्धाची महती गायली, त्याला हा घाव सोसवला नाही. ६ जानेवारी १९१९ ला तो झोपेतच गेला, साठाव्या वर्षी.

वाचायचा क्रम असा धरा: आधी कोळशाचा संप, मग १९०७ ची जंगलं, मग ब्राउन्सव्हिल, मग बालपण. बालपण मुद्दाम शेवटी, म्हणजे त्याच्या चष्म्यातून पुढचं सगळं दिसत नाही. त्याचं आत्मचरित्र (१९१३) वाचा, ते सुरेख आहे, पण एक पेन्सिल जवळ ठेवा. कोळशाच्या संपावर त्यात भरपूर मजकूर आहे. ब्राउन्सव्हिलच्या १६७ सैनिकांवर काही नाही. पहिल्या पत्नीचं नावही नाही. त्या सैनिकांचा सन्मान अमेरिकी सैन्यानं परत केला तो १९७२ मध्ये. तोवर त्यांच्यातले जवळजवळ सगळे मरण पावले होते.